झोपण्याचा गुन्हा नोंदवून रस्ता सुरक्षित होत नाही

भाऊ, तुमचं म्हणणं असं: जळगाव-भुसावळला स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांमुळे बायाबापड्यांना रात्री जाणं-येणं अवघड झालंय, पोलिसांनी त्यांना उचलून गुन्हे दाखल करावेत. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानंही 2024 मध्ये उघड्यावर झोपणाऱ्यांना दंड करायला परवानगी दिली. आणि फुकट घरांचा भार करदात्यांनी का सोसावा?

बाईला रात्री न भिता चालता आलंच पाहिजे. छेड काढणाऱ्याला धरा, चोराला धरा, त्यासाठी कायदे आहेत. पण त्याच फुटपाथवर लेकरं कुशीत घेऊन बायकाही झोपतात. त्यांना उचलून कोणाचं भय कमी होणार?

गुन्हा दाखल करायचा तर हाताशी आहे 1959 चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा. हात पसरला नसला, तरी पोट भरण्याचं साधन दिसत नाही आणि माणूस भिकेवर जगत असावा अशा अवस्थेत सार्वजनिक जागी आहे, एवढंही त्याच्या व्याख्येत बसतं. दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 मध्ये यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली, ती उगाच नाही.

नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगावकडून मजुरीला उतरलेल्या माणसाचं बघा. सकाळी मजूर अड्ड्यावर उभं राहायचं, म्हणून तो जवळपास झोपतो. खोलीच्या डिपॉझिटला पैसे नाहीत, आधार कार्डावर पत्ता पाड्याचा. लांब नेऊन सोडलं की त्या दिवसाची मजुरी गेली. दंड भरला की डिपॉझिटसाठी साठवलेलं गेलं. नावावर गुन्हा असला की घरमालक दारातूनच परत पाठवतो. म्हणजे तो पुन्हा फुटपाथवरच, आणि तुमची तक्रार जिथल्या तिथं.

अमेरिकेच्या त्या निकालानं असा दंड तिथल्या घटनेनुसार क्रूर शिक्षा ठरत नाही, एवढंच सांगितलं. दंडानं छप्पर मिळतं असं नाही.

शहरातल्या बेघरांसाठी आपल्याकडचा निकष लाख लोकसंख्येमागे शंभर जणांच्या एका निवाऱ्याचा आहे. 2011 च्या जनगणनेत जळगाव शहर साडेचार लाखांच्या वर होतं, म्हणजे तेव्हाच चार निवारे लागत होते. ते कामापासून लांब असले, नवरा-बायकोला वेगळं ठेवत असले, तर कोण जाईल?

राहिला करदात्यांचा पैसा. जळगावच्या घरकुल प्रकरणात, म्हणजे गरिबांसाठीच्या घरांच्या योजनेतल्या घोटाळ्यात, 2019 मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयानं 48 जणांना दोषी ठरवलं. पुढे अपिलं झाली. घरांच्या त्या पैशाचा हिशेब गरिबाकडे कशाला मागता?

अड्ड्याजवळ कुटुंबासह राहता येईल असे निवारे आणि हंगामापुरत्या, बिनडिपॉझिटच्या स्वस्त भाड्याच्या खोल्या, ही माझी मागणी आहे. महापालिकेला तसं निवेदन देतोय. स्टेशन रस्त्यावर दिवे आणि रात्रीची गस्त हा तुमचा मुद्दाही त्यात घालतो. सही करायला या.