अंगठेबहाद्दर

180 रुपये गेले त्याचं मला काही नाही. (आहे, पण ते नंतर.) माझ्या एटीव्हीसाठी (बागेत हिंडायची चार फुगीर चाकांची गाडी) आणलेली बाईकच्या ग्रिपची, म्हणजे हँडलवरच्या रबरी मुठींची, जोडी परत घ्यायला नकार देताना दुकानदार जे बोलला ते घशाखाली उतरत नाहीये. "उजवी ढिली होते? मग तुमचाच हँडल बारीक असणार."

माझा हँडल बारीक नाही. 22 मिमीचा आहे, जगात बहुतेक एटीव्हींचा असतो तेवढाच. बाईकच्या जोडीतली डावी ग्रिप थेट नळीवर चढते, म्हणून तिचं भोक 22. उजवी मात्र रेस फिरवणाऱ्या प्लास्टिकच्या नळकांड्यावर बसते, म्हणून तिचं भोक 25च्या आसपास. एटीव्हीला रेस अंगठ्याने द्यायची असते. नळकांडं नाहीच, त्यामुळे दोन्हीकडे 22 लागतात. बाईकची उजवी ग्रिप तिथे चढवली की थोरल्या भावाच्या शर्टाच्या बाहीसारखी गरागरा फिरते. काजूच्या बागेचा उतार, मागे शेणखताची दोन पोती आणि हातात फिरती मूठ, म्हणजे पुढचा हंगाम दुसऱ्यानेच बघायचा.

हे मी दुकानदाराला सांगत होतो, पण ऐकत होते काउंटरला टेकलेले एक काका. जुन्या स्कूटरचा प्लग घ्यायला आले होते. प्लग केव्हाच खिशात गेला होता, काका मात्र जागचे हलले नव्हते.

"अंगठ्यान रेस?" काका म्हणाले. "मेल्या, अंगठो सातबाऱ्यार लावतत, गाडयेक नाय."

मी समजावलं. चूक झाली. "काकानू, खड्ड्यात गाडी आपटली की माणूस मागे फेकला जातो. पिळायची मूठ असेल तर जाता जाता तीही पिळली जाते आणि गाडी आणखी उसळते. अंगठा असेल तर तो सुटतो, रेस बंद. शिवाय हँडल पूर्ण वळवल्यावर मूठ पिळायला मनगट कुठून आणायचं?"

काकांनी विचार केला. "म्हणजे गाडी आपटतलीच, ह्यां तू आधीच धरून चललंस."

"तसं नाही..."

"माझी तार तुटली तेव्हा कार्बोरेटराक सुतळी बांधून मी कणकवलीसून घराक इलंय. डाव्या हातान हँडल, उजव्यान सुतळी."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक पायात हुतो मा!"

दुकानदाराने अशी मान हलवली की जणू सुतळी हा कंपनीचा सुटा भाग आहे. मग काकांनी मोफत सल्ला दिला: जुन्या लुंगीची चिंधी हँडलवर गुंडाळ, वरून पांढरा गोंद लाव आणि ग्रिप घाल. दुकानदार माझ्याकडे वळून म्हणाला, "बघा, काका सांगतात तसं करा." काल मिरगात पाऊस पडला. पांढरा गोंद पाण्यात विरघळतो हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं, कारण त्याचा हस्तव्यवसाय भिजलेला असतो.

अंगठ्याचा हा उद्योग जुना आहे. 1970 साली होंडाने अमेरिकेत तीन चाकांची फुगीर टायरवाली गाडी विकायला काढली, तेव्हापासून रेस अंगठ्यात आहे. ती तीनचाकी फार उलटायची, म्हणून 1988 मध्ये सरकारशी समझोता होऊन तिची नवी विक्री थांबली. तोवर चौथं चाक आलेलं होतंच. अंगठ्याला मात्र कुणी सुट्टी दिली नाही. दिवसभर बागेत हिंडलं की संध्याकाळी अंगठ्याच्या मुळाशी मनगटात कळ येते. या दुखण्याला 1895 मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या द केरव्हँ या स्विस शल्यविशारदाचं नाव आहे. आमच्या डॉक्टरांनी मात्र न विचारता सांगितलं, "मोबाईल कमी करा."

मोबाईल नव्हे, केबल. रेस जड लागली की बहुतेकांचा हात आधी स्प्रिंगकडे जातो. कार्बोरेटरची स्प्रिंग मऊ करू नका. अंगठा सोडल्यावर रेस बंद करणारी तीच आहे. मऊ स्प्रिंग म्हणजे उघडी अडकलेली रेस. आधी अंगठ्याने दाबायच्या लिव्हरच्या डबीचं झाकण उघडून केबल सोडवा. आतल्या तारेच्या टोकाला शिशाची गोळी असते, तिच्या मुळाशी एक जरी धागा तुटलेला दिसला तरी केबल बदला, तेलपाणी करत बसू नका. तार धड असेल तर केबल उभी टांगा. वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून दोऱ्याने आवळून बांधा आणि त्यात पातळ तेल ओतून रात्रभर ठेवा. खाऱ्या हवेतली केबल असेल तर खालून आधी चहासारखं काहीतरी गळतं. स्वच्छ तेल ठिबकेपर्यंत थांबायचं. ग्रीस भरू नका, त्यात माती रुतते आणि तार चिखलातल्या बैलासारखी चालते.

जोडल्यावर लिव्हरच्या टोकाशी 3 ते 5 मिमी प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, हवा. चेकनट (ॲडजस्टर जागेवर धरून ठेवणारा नट) ढिला करा, ॲडजस्टर फिरवा, चेकनट पुन्हा आवळा. मग न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा. रेस आपोआप वाढली तर केबल ताणलेली आहे किंवा टाकीखाली कुठेतरी दबते आहे. हे न बघता गाडी बाहेर काढणाऱ्याला वळणावर उत्तर मिळतं.

एवढं करूनही अंगठा बोलत असेल तर लिव्हर लांबवा. खुंटीपासून 60 मिमीचा लिव्हर 75 केला की जोर 20 टक्के कमी लागतो, पण अंगठ्याचा प्रवास 25 टक्के वाढतो. हिशेब चुकवता येत नाही. लिव्हर ओतीव धातूचा असेल तर वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. तो "होऊन जाईल" म्हणतो आणि लिव्हर वितळून जातो. 3 मिमीची ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, 4 मिमीची दोन भोकं पाडा, नायलॉकचे (हादऱ्याने ढिले न होणारे) नट वापरा, कडा कानशीने गोल करा. पूर्ण दाबल्यावर पट्टी ग्रिपला किंवा ब्रेकच्या लिव्हरला अडता कामा नये. बाहीत अडकली तर त्याहून वाईट.

ब्रेकचे लिव्हर मनगट न वाकवता बोटं पडतील एवढे खाली झुकवा. क्लॅम्पखाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या आणि बोल्ट मरेस्तोवर आवळू नका. गाडी पडली तर लिव्हर फिरेल, मोडणार नाही. तेलाचा ब्रेक असेल तर डबी फार तिरकी होऊ देऊ नका. त्यातलं तेल टाकीच्या रंगावर सांडलं तर रंग सोलून निघतो.

आणि ग्रिप. जुनी कापून काढा, नळीवरचा गोंद खरवडा, आत स्पिरिट शिंपडा आणि एका दमात चढवा. अर्ध्यावर थांबलात तर ती तिथेच संसार थाटते. स्पिरिट उडेपर्यंत, म्हणजे रात्रभर, गाडीला हात लावू नका. साबणाचं पाणी नको. चढवताना सोपं जातं, पण पहिल्या सरीला मूठ हातात येते.

पण मुळात दोन 22च्या ग्रिप आणायच्या कुठून? एटीव्हीची जोडी तालुक्यात कुणी ठेवत नाही. समुद्रावर पर्यटकांना फिरवणाऱ्या एवढ्या गाड्या आहेत, त्यांच्या मुठींना काय लावतात कोण जाणे. शेवटी त्याच दुकानात, त्याच माणसासमोर उभं राहून मी तशीच दुसरी जोडी घेतली. दोन जोड्यांतल्या दोन डाव्या लावायच्या. 360 रुपयांत दोन मुठी. दुकानदार पैसे मोजताना म्हणाला, "बसली ना शेवटी?"

काका होतेच. प्लग चुकीचा निघाला होता, बदलायला आले होते आणि त्यांना तो बदलून मिळाला. माझ्या हातातल्या दोन उजव्या त्यांनी बोट घालून तपासल्या. त्यांच्या स्कूटरला दोन्हीकडे पिळायचं असतं: डावीकडे गिअर, उजवीकडे रेस.

"ह्ये तुका कित्याक व्हये?" म्हणाले, आणि दोन्ही पिशवीत टाकल्या.

काल बाजारात भेटले. लांबूनच हात वर करून ओरडले, "डावी जरा घट्ट बसता रे! नीट बघून देवची मा!"