सवलतीइतकंच प्रशिक्षणही महत्त्वाचं
सवलती दिल्या की सोलर पॅनेलचे कारखाने मराठवाड्यात येतील, हे लेखातलं म्हणणं मला अर्धंच पटलं. शेंद्रा-बिडकीनला ऑरिक या औद्योगिक शहराची जागा आहे, राज्याच्या प्रोत्साहन योजनेत मागास तालुक्यांना जादा सवलतही आहे. अडतं ते माणसांपाशी. सरकारच्या सूर्यमित्र प्रशिक्षणात पोरं पॅनेल बसवायला, दुरुस्त करायला शिकतात. कारखान्यातलं काम वेगळं: सेल जोडणारं स्ट्रिंगर मशीन, ते काचेखाली चिकटवून बंद करणारं लॅमिनेटर, आणि सेलमधला डोळ्याला न दिसणारा तडा पकडणारी ईएल (इलेक्ट्रोल्युमिनेसन्स) चाचणी. तो तडा सुटला तर पुढं शेतकऱ्याच्या पंपाला वीज कमी पडते. ही यंत्रं जालना, बीड, लातूरच्या आयटीआयमध्ये आणा, शिकताना विद्यावेतन द्या. आणि सवलतीच्या करारातच स्थानिक मुलांच्या कायम नोकरीची अट घाला, कंत्राटी नको. आमची पोरं पुण्या-चाकणला खोल्या करून राहतायत हो!