किरळ फवारणीतून येत नाही

पावसानं ओढ दिली की व्हॉट्सअ‍ॅपवर हा मजकूर हमखास फिरतो : 'निसर्ग विष बनवत नाही. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं ते फवारणीमुळे आणि युरियामुळे. गावरान पिकाला तर कीडही लागत नाही.' कोवळ्या ज्वारीच्या या विषबाधेला 'किरळ लागणं' म्हणतात. या मजकुरात युरियाचा शब्द तेवढा निम्मा खरा.

'निसर्ग विष बनवत नाही.' ज्वारी बनवते, आणि फार हुशारीनं बनवते. पानाच्या वरच्या सालीच्या पेशींत ती धुरिन नावाचा पदार्थ साठवते. तो फोडणारं विकर मात्र आतल्या हिरव्या गरातल्या पेशींत. दोघांची गाठ पडत नाही तोवर काही होत नाही. चंचीत चुना एकीकडे, कात एकीकडे. रंगतं ते चावल्यावरच, तसंच हे. अळीनं पान कुरतडलं किंवा गाईनं चघळलं की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. धुरिन सर्वांत जास्त असतं कोवळ्या रोपात आणि कापणीनंतरच्या फुटव्यात. पीक फुलोऱ्यावर येईतो ते बरंच उतरतं. पिकलेल्या दाण्यात ते जवळजवळ नसतंच, त्यामुळे भाकरीची काळजी नको.

'फवारणीमुळे.' धुरिन १९०२ साली डन्स्टन आणि हेन्री या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी वेगळं काढून दाखवलं, आणि ज्वारीच्या अरबी नावावरून त्याचं बारसं केलं. डीडीटी कीटक मारतं हे कळायला १९३९ उजाडावं लागलं. आपल्या आजोबा-पणजोबांकडे पाठीवरचा पंप नव्हता, तरी गुडघाभर ज्वारीत गुरं शिरली की ते काठी घेऊन धावत. कशासाठी?

'युरियामुळे.' धुरिनच्या रेणूत नत्र असतं, त्यामुळे नत्र भरपूर दिलं की धुरिन वाढतं. इथवर ठीक. पण पाण्याच्या ताणानं खुरटलेल्या ज्वारीतही ते वाढतं, मग तिला खताचा दाणा दिलेला नसला तरी. दुष्काळी वर्षात किरळ लागल्याच्या बातम्या जास्त कानावर येतात, त्यामागे हेच.

'गावरानाला कीड लागत नाही.' हे लिहिणाऱ्यानं खोडमाशीनं धरलेलं रोप उपटून पाहिलेलं नसावं. मधला पोंगा सुकलेला असतो, ओढला की अलगद हातात येतो. आणि ही माशी येते कधी? रोप कोवळं असताना, म्हणजे धुरिन भरपूर असतं तेव्हाच! मक्याचंही तेच. त्याच्याकडे डिंबोआ नावाचं स्वतःचं कीडरोधक आहे. ते साखरेच्या रेणूला बांधून ठेवलेलं असतं आणि पान चावलं की मोकळं होतं. पण २०१८ साली भारतात आलेली अमेरिकन लष्करी अळी ते पोटात पुन्हा साखरेला जोडते, तेही असं उलटं की मक्याच्या विकराला ती गाठ सोडवता येत नाही. पीक कुलूप बनवतं, कीड किल्ली घडवते. हे चालूच असतं.

असल्या मजकुराचा राग येतो तो एवढ्यासाठी, की 'मी फवारलंच नाही' म्हणून माणूस निर्धास्तपणे गाय फुटव्यात सोडतो. ती धापा टाकायला लागली, थरथरून आडवी झाली, तर हातात फार वेळ नसतो. यावर शिरेतून द्यायची इंजेक्शनं आहेत, सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट. ती पशुवैद्यकानंच द्यायची. डॉक्टरांना फोन लावतानाच सांगा : कोवळी ज्वारी खाल्लीय.