‘चेन जागची हलता कामा नये’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. घड्याळाची स्टीलची चेन मनगटावर एकदम फिट्ट बसली पाहिजे, तसूभरही हलता कामा नये, करंगळीचं टोकसुद्धा आत जाता कामा नये म्हणे. कारणं पण दिलीत: सैल चेन ताणून लांब होते, सैल घड्याळ आपटून बिघडतं, सैल चेनने रॅश येतो, स्मार्टवॉच सैल असलं की ठोके चुकीचे दाखवतं, आणि दुकानात एकदा माप घेतलं की ते कायमचं. मी घड्याळाच्या काउंटरवर काम करतो, चेनच्या कड्या काढणं-घालणं रोजचंच आहे, आणि चांगली बसलेली चेन घेऊन लोक येतात नि "अजून एक कडी काढा" म्हणतात तेव्हा खरंच वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी शेवटचा मुद्दा घेतो, कारण खरी गोम तिथेच आहे. मनगट दिवसभर एका मापाचं राहतच नाही. उकाड्यात अंगातली उष्णता बाहेर टाकायला कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि हात थोडे सुजल्यासारखे होतात, भरभर चालून आलात, खारट जास्त खाल्लंत, हात बराच वेळ खाली लोंबत राहिला तरी तेच. सकाळी एसीत बसून घेतलेलं माप एप्रिलच्या दुपारी टोचणारच, त्यात चेनचा दोष नाही. कंपन्यांनाही हे माहीत आहे, नाहीतर रोलेक्सने ५ मिलिमीटर चटकन वाढणारी ईझीलिंक कडी कशाला दिली असती? ट्यूडरच्या टी-फिट लॉकमध्ये ८ मिलिमीटरपर्यंत पाच टप्पे आहेत, तेही हातातल्या हातात बदलता येतात. महागडी घड्याळं सोडा, आपल्या साध्या चेनच्या लॉकच्या कडेलाही बऱ्याचदा तीन-चार भोकं असतात, स्प्रिंगबार (चेन लॉकला जोडणारी स्प्रिंगची बारीक दांडी) दाबून एक भोक पुढे-मागे केलं की काम होतं. पुष्कळ ठिकाणी तेवढी तसदी न घेता सरळ पूर्ण कडी काढून देतात आणि मग चेन एकतर घट्ट नाहीतर ढगळ. बटरफ्लाय लॉकला (मधून दोन्ही बाजूंना पंखांसारखं उघडणाऱ्या) ही भोकं नसतात, तिथे अर्धी कडी मिळते का ते विचारा.

आता चेन ताणण्याचं. स्टील काही रबर नाही, हातावर घालून ते लांब होत नाही. चेन लांब झाल्यासारखी वाटते कारण दोन कड्यांना जोडणारी पिन आणि ती ज्या भोकात फिरते ते भोक, दोन्ही झिजतात. आणि झिजवतं कोण? घाम, धूळ आणि मेलेली कातडी मिळून झालेला काळा चिखल. जुनी चेन कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून मऊ टूथब्रशने घासली की कड्यांच्या फटीतून जे काळंकुट्ट पाणी सुटतं ते बघितलं की लोक गप्पच होतात. त्या चिखलातले बारीक कण पॉलिश पेपरसारखे पिन खात राहतात. जुन्या पत्रा दुमडून केलेल्या पोकळ कड्यांच्या चेन म्हणूनच लवकर लुळ्या पडायच्या. बांगडीसारखी लोंबणारी चेन सतत हलून झिजते हे मान्य, पण त्यावर उपाय करकचून बांधणं हा नाही, कारण मग मूठ वळली, मनगट वाकवलं की सगळा ताण पिन आणि लॉकवर. महिन्यातून एकदा चेन धुवा, पुसून कोरडी करा. धुण्याआधी घड्याळ पाण्यात चालणारं आहे आणि चावी (वेळ लावायचं कडेचं बटण) नीट आत आहे ना एवढं बघा.

रॅशचं तर मेसेजमध्ये पूर्ण उलटं लिहिलंय. घाम आणि साबणाचं पाणी घट्ट चेनखाली अडकून राहतं, हवा लागत नाही, म्हणून कातडी लाल होते. निकेलची ॲलर्जी हा वेगळा प्रकार. घड्याळात सर्रास वापरतात त्या ३१६एल स्टीलमध्ये १० ते १४ टक्के निकेल असतं, पण स्टील ते बऱ्यापैकी धरून ठेवतं, जास्त त्रास मुलामा उडालेल्या स्वस्त धातूच्या चेनचा होतो. पण घट्ट चेनचं खरं भीती वाटावी असं दुखणं मेसेजमध्ये नाहीच. अंगठ्याच्या बाजूने मनगटावरून एक नस (रक्तवाहिनी नव्हे, संवेदना नेणारा मज्जातंतू) कातडीच्या अगदी जवळून जाते, ती दाबली गेली की अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, जळजळ होते. रॉबर्ट वार्टेनबर्ग या डॉक्टरांनी १९३२ मध्ये हे नोंदवलं, त्यांच्याच नावाने ते ओळखतात, आणि घट्ट घड्याळ हे त्याचं माहीत असलेलं कारण आहे. असं काही जाणवत असेल तर आधी घड्याळ काढून ठेवा, तरी थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

आपटण्याच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. लोकलमध्ये वरची कडी धरली की घड्याळ घसरत कोपराकडे जात असेल तर ते जास्तच सैल आहे, टेबलाच्या कडेला डायल आपटणार, चावी हाताला रुतणार. पण त्यासाठी आवळायची गरज नाही, जागा बदला. करंगळीच्या बाजूला मनगटाचं जे हाड वर आलेलं असतं त्याच्या मागे, कोपराच्या बाजूला घड्याळ बसवा, ते हाडच त्याला हातावर उतरू देत नाही.

स्मार्टवॉचला मागचा सेन्सर कातडीला टेकलेला लागतो, हे बरोबर. तो हिरवा प्रकाश टाकून रक्ताची हालचाल मोजतो, मध्ये फट राहिली की गडबड. पण फार दाबलंत तर तिथलं रक्तच बाजूला सरतं आणि आकडा पुन्हा बिघडतो. खुद्द ॲपलचा सल्ला असा की व्यायामाला पट्टा थोडा घट्ट करा आणि झाल्यावर सैल करा. दिवसभर आवळून ठेवा असं ते म्हणतच नाहीत.

मग माप कसं घ्यायचं? दुपारी या, जरा चालून आलेले असाल तर उत्तमच. चेन घालून मूठ घट्ट वळा, मनगट वर-खाली वाकवा, कुठे रुतायला नको. लॉकच्या बाजूने करंगळी सहज आत गेली पाहिजे. संध्याकाळी काढल्यावर कातडीवर कड्यांचे खोल वळ दिसले तर चेन एक भोक सैल करा. कड्या काढताना दोन्ही बाजूंनी बघून काढायला सांगा, म्हणजे लॉक मनगटाच्या बरोबर मध्ये येईल, आणि काढलेल्या कड्या, पिना मागून घ्या, बिलाबरोबर जपून ठेवा. पाच वर्षांनी मनगट भरलं तर त्याच मॉडेलची कडी मिळवताना नाकी नऊ येतात.