एकचाकीची हवा उतरते तेव्हा आधी व्हॉल्व्ह बघा

इलेक्ट्रिक युनिसायकल, म्हणजे उभं राहून चालवायची विजेवरची एकचाकी, चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो. थोडक्यात तो असा: “दर आठवड्याला हवा उतरते म्हणजे ट्यूबला बारीक पंक्चर आहे. जेल ओता आणि विसरा. व्हॉल्व्ह कंपनीने बसवलेला असतो, त्याला हात लावू नका. हवा भरायचं एक्स्टेंशन (व्हॉल्व्हवर चढवायची जोडनळी) कायमचं लावून ठेवा. टायर अंगठ्याला घट्ट लागला की झालं. नायट्रोजन भरलात तर सहा महिने बघायलाच नको.”

नवीन माणूस हे वाचतो आणि पहिल्याच महिन्यात पंक्चर बुजवायच्या जेलची बाटली घेऊन येतो. मला याची काळजी वाटते, कारण या वाहनाला दुसरं चाक नाही. स्कूटरचा मागचा टायर बसला तर गाडी डुलायला लागते, आपण बाजूला घेतो. इथे वेग, ब्रेक आणि तोल सगळं एकाच टायरवर आहे. 2020 मध्ये इनमोशनचं व्ही11 आणि किंगसाँगचं एस18 ही सस्पेन्शनची मॉडेल येईपर्यंत तर बहुतेक सगळ्यांसाठी टायरमधली हवा हेच सस्पेन्शन होतं, आणि आजही असंख्य जण तशीच मॉडेल चालवतात.

पहिला मुद्दा पंक्चरचा. हवा उतरली म्हणजे भोक पडलंच, असं नाही. ट्यूब ब्यूटाइल रबराची असते. साध्या रबरापेक्षा ब्यूटाइल हवा कितीतरी चांगली धरतं, तरी थोडी हवा त्यातूनही पाझरतेच. कारच्या टायरमध्ये तीसेक लिटर जागा असते, तर सोळा इंची एकचाकीच्या सव्वादोन इंची टायरमध्ये जेमतेम दोन-अडीच लिटर. तेवढीच हवा दोन्हींतून गेली, तर कारचा काटा हलणारही नाही आणि आपला खाली येईल. हवा मोजायचा गेज लावताना जो ‘फुस्स’ आवाज होतो, तोसुद्धा इथे हिशेबात धरावा लागतो. त्यात थंडी. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी 30 अंशांत 35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरा आणि पहाटे 12 अंशांत मोजा, गेज 32 च्या आसपास दाखवेल. हवा कुठेही गेलेली नसते, फक्त आकसलेली असते.

म्हणून आधी मोजा. चाक न चालवता, रोज साधारण एकाच वेळी, एकाच गेजने, आठवडाभर आकडे लिहून काढा. आठवड्यात एक-दोन पीएसआय गेले तर काळजी नको. एका रात्रीत 35 चे 25 झाले तर गळती नक्की आहे आणि ती शोधायलाच हवी.

शोधायची कुठे? सल्ला म्हणतो व्हॉल्व्हला हात लावू नका. मी म्हणेन, सुरुवात तिथूनच करा.

आपल्याकडच्या साध्या सायकलीचा व्हॉल्व्ह वेगळा. त्यात ती रबरी वॉलट्यूब असते, ती कुजली की बदलायची, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. एकचाकीला मात्र मोटारसायकल आणि कारसारखा श्रेडर व्हॉल्व्ह असतो. त्याचं अमेरिकन पेटंट 1893 चं, आणि त्यातली मोठी सोय अशी की आतली पिन, म्हणजे व्हॉल्व्ह कोअर, आटे फिरवून बाहेर काढता येते आणि नवी घालता येते. ती बदलता यावी म्हणूनच तशी केलेली आहे. मग हात लावायचा नाही, हे कुठून आलं?

काढलेली पिन एकदा उजेडात धरून बघा. बोटाच्या पेरापेक्षा लहान वस्तू. मधून पितळी दांडी, तिच्याभोवती केसासारखी स्प्रिंग, टोकाला मिरीच्या दाण्याएवढी रबरी बैठक आणि वर आट्यांपाशी एक सील. माझ्या चाकातून काढलेल्या पिनच्या त्या बैठकीवर वाळूचा एकच कण रुतलेला होता. नखाने काढला तर खाली खड्डा पडलेला. त्या खड्ड्यातून रोज चार-पाच पीएसआय जात होते आणि मी दोन आठवडे ट्यूबवर संशय घेत होतो.

तपासायची रीत रस्त्याकडेचा कुठलाही पंक्चरवाला दाखवतो. हवा भरून झाली की तो बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर पडदा धरतो. पडदा फुगला की पिन गळते. घरी साबणाचं पाणी घ्या. अडचण एवढीच की एकचाकीचा व्हॉल्व्ह शेलच्या, म्हणजे चाकाभोवतीच्या कवचाच्या, आत, तिरका, अंधारात असतो. चाक फिरवून व्हॉल्व्ह शेलच्या खिडकीपाशी आणा, टॉर्च मारा आणि दोन मिनिटं थांबा, कारण बारीक गळतीचा बुडबुडा लगेच दिसत नाही. बुडबुडा तोंडावर आला तर पिन. देठाच्या, म्हणजे ट्यूबमधून बाहेर आलेल्या व्हॉल्व्हच्या नळीच्या, बुडाशी आला तर मात्र ट्यूब बदलण्याला पर्याय नाही.

पिन बदलणं दहा मिनिटांचं काम आहे. चाक बंद करा आणि आडवं टेकवून ठेवा. आधी पिन दाबून सगळी हवा सोडा, नाहीतर मोकळी झालेली पिन बंदुकीच्या गोळीसारखी उडते. मग व्हॉल्व्हच्या पिनेच्या चावीने काढा. दोन कानांची जुनी धातूची टोपी मिळते, तिचे कानही चावीचंच काम करतात. देठाचं तोंड स्वच्छ फडक्याने पुसा, नवी पिन बोटांनी फिरवत बसवा आणि चावीने हलकेच आवळा. इथे जोर लावू नका. जास्त आवळली की सील चिरडतं आणि नवी पिनही गळायला लागते. दोन-चार पिना चहाच्या पैशांत येतात, पिशवीत पडू द्या. वर टोपी हवीच. पावसाळ्यातला चिखल तीच अडवते. मुंबई-कोकणाच्या खाऱ्या हवेत मात्र अॅल्युमिनियमची शोभेची टोपी लावू नका. ती पितळी आट्यांवर गंजून अशी धरते की काढताना देठच पिळला जातो. साधी प्लास्टिकची बरी.

आता एक्स्टेंशन. मला सगळ्यात धोक्याचा सल्ला हाच वाटतो. एक्स्टेंशन बसवलं की त्यातली दांडी मूळ पिन दाबून धरते, म्हणजे मूळ व्हॉल्व्ह उघडाच राहतो. मग हवा अडवायला उरतात फक्त एक्स्टेंशनच्या तोंडाची पिन आणि जोडावरचा वॉशर. स्वस्तातल्या कित्येक एक्स्टेंशनांना हे दोन्ही धड नसतात. दुसरं, चाक फिरतं तेव्हा ते बाहेरच्या दिशेला ओढलं जातं. सोळा इंची चाक ताशी 40 किलोमीटरने चाललं की केंद्रापासून 13 सेंटिमीटरवरच्या वस्तूवर गुरुत्वाच्या सुमारे चाळीसपट जोर येतो. दहा ग्रॅमचं एक्स्टेंशन चारशे ग्रॅमचं असल्यासारखं देठाला हिसके देतं. गेल्या वर्षी मी घाईत ते तसंच ठेवून निघालो. आठएक किलोमीटर गेल्यावर वळणावर चाक जड लागायला लागलं. उतरून बघितलं तर एक्स्टेंशन शेलला घासून वाकलं होतं, देठ एका बाजूला कलला होता आणि बुडाशी रबर चिरलं होतं. ट्यूब गेली. एकचाकीची ट्यूब बदलणं म्हणजे पेडल, शेल आणि कित्येक मॉडेलमध्ये मोटरच्या वायरींपर्यंत सगळं उघडणं. अख्खा रविवार त्यात गेला. हवा भरा, एक्स्टेंशन काढा, टोपी लावा, मगच पाय ठेवा.

अंगठ्याचं म्हणाल, तर हे टायर जाड असतात. 20 आणि 30 पीएसआयमधला फरक अंगठ्याला कळत नाही, रस्त्यावर कळतो. कमी हवेत चाक वळायला कुरकुरतं, खड्ड्यात रिम टेकते आणि मध्ये सापडलेल्या ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. शिवाय चाकातली हब मोटर पुढे खेचते आणि ब्रेकला मागे, त्यामुळे सैल टायर रिमवर थोडा थोडा सरकतो आणि ट्यूबला सोबत नेतो. देठ भोकात तिरका दिसू लागला तर हेच चाललंय असं समजा आणि बुड फाटायच्या आत हवा सोडून टायर-ट्यूब जागेवर आणा. किती हवा ठेवायची, हे मॉडेलच्या पुस्तिकेवर आणि तुमच्या वजनावर ठरतं. मोजायला गेजच लागतो.

नायट्रोजनबद्दल दोनच वाक्यं. साध्या हवेत तो मुळातच 78 टक्के आहे, आणि रबरातून तो ऑक्सिजनपेक्षा हळू पाझरतो हे खरं. पण गळक्या पिनला आतून काय निसटतंय याने काही फरक पडत नाही.

राहिलं जेल. पिन गळत असताना ट्यूबमध्ये जेल ओतणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. जेल टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं खिळ्या-काट्याचं बारीक भोक बुजवतं आणि तिथे ते खरंच उपयोगी आहे. टायर ट्यूबलेस असेल आणि रोज काटेरी रस्त्याने जायचं असेल तर मीही घाला म्हणेन. पण देठाच्या बुडाची चीर किंवा रिम टेकून पडलेल्या चिरा ते बुजवत नाही. उलट ते पिनमध्ये शिरून चिकटतं, मग पिन पूर्ण मिटत नाही, गेज खोटा आकडा दाखवतो आणि मूळची नसलेली गळती सुरू होते. आपल्या उन्हात ते काही महिन्यांत वाळायला लागतं, तेव्हा ‘विसरा’ हा शब्दही चुकीचा. पुढे कधी खरं पंक्चर झालंच, तर त्या बुळबुळीत ट्यूबवर पॅच धरत नाही.

आधीच ओतलं असेल तर घाबरू नका. हवा भरताना किंवा मोजताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला येईल असं चाक फिरवा आणि पाचेक मिनिटं थांबा, म्हणजे जेल खाली उतरेल. पिन मात्र आजच बदला, आणि जुनी काढलीत की तिच्या टोकावर काय साचलंय ते बघून घ्या.