शेंगदाण्यांचा कॅसिनो

नागपूरच्या लक्ष्मीभवन चौकातल्या टपरीवर संध्याकाळी आम्ही पाचजण असतोच. परवा विषय निघाला तो एका दोस्ताच्या गोवा ट्रिपवरून. मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनो बोटीवर गडी सहा हजार घालवून आला होता. वर समाधान असं, की "जिंकलोच नाही, त टॅक्सचं झंझटच नाही."

"कोण म्हणते बे?" सीएनं कप खाली ठेवला. "जिंकला असता त इन्कम टॅक्सचे ३० टक्के लागले असते, ते वेगळे. जीएसटी त तू चिप्स, म्हंजे पैसे देऊन खेळायची टोकनं, घेतले तवाच लागला. हारला तरी लागला."

२२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला, हे काकांनी पेपरात वाचलेलं. ते भलतेच खूश. "मी त म्हणतो ऐंशी करा. जुगार तो जुगार."

"काका, दर सोडा. टक्के कायचे, ते पाहा." सीएनं पुडीतले दहा शेंगदाणे बाकावर ओळीनं मांडले. एक दाणा म्हणजे शंभर रुपये.

"यानं हजाराचे चिप्स घेतले. रात्रभर कधी वर, कधी खाली, अन् उठताना नऊ दाणे घेऊन उठला. मालकाकडे राह्यला एक. मालकाच्या कमाईवर ४० टक्के लावले त किती झाले? चाळीस रुपये. अर्धा दाणाही नाही. पण आपल्या इथं १ ऑक्टोबर २०२३ पासून हिशेब होते चिप्सच्या पूर्ण किमतीवर. हजारावर चारशे. मालकाले सुटला एक दाणा, सरकारले चार!"

चार दाणे बाजूला सरकवून त्यानं आमच्याकडे पाहिलं. तेवढ्यात काकांनी मालकाचा दाणा तोंडात टाकला.

जिंकलेले चिप्स पुन्हा लावले तर त्यावर पुन्हा कर नाही, एवढी सूट जीएसटी परिषदेनं ठेवली आहे. ती नसती तर पहाटेपर्यंत दहाही दाणे सरकारच्याच खिशात.

"चीनमधल्या मकाऊच्या कॅसिनोंवरही ४०च टक्के आहे ना पण?" वकिलानं विचारलं.

"आहे. ३५ कर अन् वरून ५ पर्यंतच्या वर्गण्या. पण मालकाच्या कमाईवर. नेवाडात, लास वेगासवाल्या राज्यात, त जास्तीत जास्त पावणेसात, तेही कमाईवरच."

इथं मला पटलं. दोन्हीकडे आकडा ४०, पण एक मालकाच्या गल्ल्यावर आणि दुसरा खेळणाऱ्याच्या पाकिटावर. आपल्याकडचा सगळा आरडाओरडा मात्र दरावर. तरी सीएला कॅसिनोवाल्यांचा जो पुळका आला होता तो मला काही आला नाही. बंदच करायचं असेल तर सरळ बंद करा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून केलेच की बंद. आणि महसूल हवा असेल तर गल्ल्यावर बसा. हे मधलं काय आहे?

"लोकं घाबरून जाणार नाहीत, हे आहे," काका.

"जातीन ना काका, खायवाडीवाल्याकडे, सट्टा घेणाऱ्याकडे!" वकील उसळला. "तिथं ना चिप्स, ना जीएसटी. फोनवर भाव, दुसऱ्या दिवशी हिशेब. जामठ्याच्या स्टेडियमवर मॅच असली की पाहा. चाळीस टक्के वाचून राह्यले, त बोटीवर कोण चढीन?"

काकांनी मोर्चा महाराष्ट्राकडे वळवला. आपल्याकडेही १९७६ साली कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर ठेवणारा कायदा झाला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. "सत्तेचाळीस वर्षं आलमारीत! नाही त आपल्या फुटाळा तलावात बोट दिसली असती तुमाले. या पोट्ट्याले गोव्यापर्यंत जायची गरजच नव्हती पडली."

दोस्त गप्प. सहा हजारांतला कर किती, हे तो मोबाईलवर काढत होता.

"काका," वकील हळूच म्हणाला, "पोळ्याच्या रात्री तुमच्या गच्चीवर पत्ते बसते, त्याच्यावर किती टक्के लावायचे?"

"तो काही जुगार नाही," काकांनी उरलेले दाणे मुठीत घेतले. "तो सण आहे."