"०.१ मायक्रोफॅरड लावा, काम झालं"? नाही होत

आयजीबीटी (मोठा करंट झपाट्याने चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) जळू नये म्हणून वेल्डिंग मशीन आणि मोटर ड्राइव्ह दुरुस्त करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: "आयजीबीटी उडतोय? कलेक्टर-एमिटरवर ०.१ मायक्रोफॅरड, १००० व्होल्टचा कपॅसिटर आणि सिरीजमध्ये रेझिस्टर लावा. व्हॅल्यू मोठी तेवढं संरक्षण जास्त."

"व्हॅल्यू मोठी तेवढं बरं." अशा रेझिस्टर-कपॅसिटर जोडीचा, म्हणजे व्होल्टेजची उसळी दाबणाऱ्या आरसी स्नबरचा, कपॅसिटर दर सायकलला भरतो आणि रिकामा होतो. त्यातून रेझिस्टरमध्ये होणारी उष्णता = कपॅसिटन्स × व्होल्टेजचा वर्ग × फ्रिक्वेन्सी. ६०० व्होल्ट, २० किलोहर्ट्झला १ नॅनोफॅरड ७.२ वॉट खातो, ०.१ मायक्रोफॅरड ७२० वॉट! एवढ्यात रेझिस्टर जळणारच.

गोंधळ कुठून आला तेही दिसतं. ०.१ ते १ मायक्रोफॅरड ही व्हॅल्यू आयजीबीटी मॉड्यूलच्या डीसी प्लस-मायनस टर्मिनलवर थेट बसणाऱ्या कपॅसिटरची. तिथे व्होल्टेज दर सायकलला शून्यावर येत नाही, म्हणून तो फारसा तापत नाही. बसचा (मॉड्यूलला डीसी पुरवणाऱ्या पट्ट्यांचा) इंडक्टन्स ५० नॅनोहेन्री असेल आणि २०० अँपिअर तुटत असतील, तर ०.१ मायक्रोफॅरडवर सुमारे १४० व्होल्टची उसळी येते, १ मायक्रोफॅरडवर ४५ची. इथे मोठी व्हॅल्यू खरंच उपयोगी.

"१००० व्होल्ट लिहिलंय, म्हणजे टिकेल." आयजीबीटी बंद होताना १०० नॅनोसेकंदांत ६०० व्होल्ट चढले, म्हणजे मायक्रोसेकंदाला ६००० व्होल्ट. साधा मेटलाइज्ड पॉलिएस्टर बॉक्स कपॅसिटर याच्या जवळपासही जात नाही. फिल्मच्या कडेला फवारलेल्या धातूचा सांधा प्रत्येक पल्सला थोडाथोडा जळतो आणि कपॅसिटन्स घसरत जातो. एक्स-२ सुद्धा नको, तो मेन्सच्या फिल्टरसाठी आहे. पॉलिप्रॉपिलीन फिल्म-फॉइल घ्या, किंवा लहान व्हॅल्यूत सी०जी सिरॅमिक. डेटाशीटमध्ये डीव्ही/डीटीचा (व्होल्टेज किती वेगाने बदललेलं चालतं त्याचा) आकडा दिला नसेल तर तो कपॅसिटर बाजूला ठेवा. सिरॅमिकचाच दुसरा प्रकार, एक्स७आर, नको; त्याचा कपॅसिटन्स डीसी व्होल्टेज चढलं की बराच कमी होतो.

"व्हॅल्यू अंदाजानेच ठरते." ती मोजून काढता येते. ऑसिलोस्कोपला डिफरन्शियल प्रोब लावून रिंगिंग (आयजीबीटी बंद होताना व्होल्टेजमध्ये उठणारी थरथर) बघा. समजा २० मेगाहर्ट्झ आहे. फ्रिक्वेन्सी निम्मी होईपर्यंत आयजीबीटीवर कपॅसिटर वाढवत जा. ६८० आणि २२० पिकोफॅरड पॅरललमध्ये लावल्यावर ती १० मेगाहर्ट्झ झाली, तर सर्किटचा मूळचा कपॅसिटन्स ९००चा तिसरा भाग, ३०० पिकोफॅरड. त्यावरून इंडक्टन्स ०.२१ मायक्रोहेन्री आणि रेझिस्टर २७ ओहम. स्नबरचा कपॅसिटर मूळच्या तिप्पट-चौपट, म्हणजे १ नॅनोफॅरड. रेझिस्टर १५ वॉटचा, नॉन-इंडक्टिव्ह. साधा वायरवाउंड स्वतःच कॉइल असतो.

"वायरने जोडला तरी चालतो." वायरच्या प्रत्येक सेंटीमीटरला साधारण १० नॅनोहेन्री. करंट मायक्रोसेकंदाला २००० अँपिअरने तुटत असेल तर दर सेंटीमीटरमागे २० व्होल्ट वाढतात. दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटीमीटर वायर ठेवली की २०० व्होल्ट तिथेच गेले. डीसी टर्मिनलवरचा कपॅसिटर पट्टीच्या लगचा घ्या आणि मॉड्यूलच्या स्क्रूखालीच कसा.